डाव्या डोळ्याखालचा भोवरा

१ जानेवारी १९७३, सोमवार

कचेरीने निरोपाच्या दिवशी तीन वस्तू दिल्या. शाल, भिंतीवरचं घड्याळ आणि ही दैनंदिनी. शालीवर मांजर झोपतं, घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतं. तिसरी तरी कामी यावी म्हणून आजपासून लिहायला बसलो. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या टिपणांतल्या चुका काढल्या. आता माझ्या चुका काढायला कोणी नाही, ही मोठीच चैन. (रुक्मिणी सोडून. पण तिला माझं अक्षर लागत नाही.)

निवृत्त होऊन महिना झाला. दिवस इतका लांब असतो हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी नरसिंहाचं पत्र आलं. चिरंजीव बंगळूरला कारखान्यात असतात, जूनमध्ये बदलून म्हैसूरला येणार. आनंदच आहे. पण पुढे लिहितात, ‘पागेच्या जागी दोन खोल्या काढू, अप्पा. घोडे पाळायचे दिवस गेले. तिन्ही जनावरं सरगूरला मामांच्या शेतावर सुखात राहतील.’

पागा म्हणजे मागच्या अंगणातली तीन ठाणांची कौलारू पडवी. आमचे खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात शिलेदार होते, म्हणजे घोडा स्वतःचा, तलवार स्वतःची. तलवार कुठे गेली कोणाला ठाऊक नाही, पण ठाण कधी ओस पडलं नाही. आज तिथे तिघे आहेत. दिवाण बावीस वर्षांचा, नुसता उभा राहिला तरी भारदस्त दिसतो. रुमाल टांग्याचा, कपाळावर घडी घातल्यासारखा पांढरा चौकोन. आणि शेवंती, चौदा वर्षांची तांबूस घोडी. तिची आई, आजी, पणजी सगळ्या याच पडवीत जन्मल्या.

पत्र मी दोनदा वाचलं आणि चहा घेतला नाही. रुक्मिणीने विचारलं, तेव्हा भूक नाही म्हणालो. चहाला भूक लागत नाही, असं ती म्हणाली.

३ जानेवारी, बुधवार

देवराज मोहल्ल्यातले वेंकोबा शिंपी सकाळी येऊन गेले. माणूस विठ्ठलभक्त, शिवताना अभंग म्हणतो आणि अभंगाच्या तालावर माप चुकवतो. आज मात्र मोठी बातमी घेऊन आले. शहराबाहेरच्या मैदानावर एका हौशी अश्वमंडळाने वीस-एकवीस तारखेला घोड्यांचं प्रदर्शन ठेवलं आहे. पळवायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. घोडा आणायचा, परीक्षकापुढे उभा करायचा, चालवून दाखवायचा. फिती शिवायचं काम वेंकोबांकडे आलं आहे. पहिल्याला लाल, दुसऱ्याला निळी, तिसऱ्याला पिवळी.

“राव, वयस्क घोड्यांचा वर्ग आहे, टांग्याचा आहे, देशी घोडीचा आहे,” ते म्हणाले. “तुमच्याकडे तिन्ही आहेत की! नोडी, बघा, देवानेच जुळवून आणलंय.”

मी म्हटलं, बघू. पण दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

६ जानेवारी, शनिवार

नरसिंह एका रात्रीसाठी आला. पोरगा वाईट नाही. लहानपणी रुमालाच्या आधीच्या घोड्याने त्याला चावलं होतं, ते त्याच्या मनातून जात नाही.

जेवताना विषय निघाला. मी शिलेदारीवर बोललो, तो खोल्यांच्या लांबी-रुंदीवर बोलला. दोघांचेही आवाज चढले. तेव्हा रुक्मिणी वाढता वाढता म्हणाली, “साकु, पुरे. आता दोघांनी गप्प बसा. यांचे तीन घोडे त्या प्रदर्शनात जाऊ देत. एकाने जरी पहिला नंबर काढला तर पागा राहील, खोल्या माडीवर चढवायच्या. नाही आला तर नरसू म्हणतो तसं.”

“म्हणजे मामा येऊन घेऊन जाणार,” नरसिंह म्हणाला.

“आधी प्रदर्शन तर होऊ दे.”

नरसिंहाने हात धुतल्या-धुतल्या होकार दिला. मीही दिला. बायकांना घोड्यातलं काही कळत नाही, पण करार बरा केला. नाहीतर त्याने थेट गवंडीच आणला असता.

९ जानेवारी, मंगळवार

कित्येक वर्षांनी पहाटे पाचला आपोआप जाग आली. तिघांना खरारा, मग मैदानावर फेरी, मग उकडलेली हुरळी, म्हणजे कुळीथ. अंग दुखतं, पण झोप छान लागते. आज रुक्मिणी म्हणाली, तुम्ही शीळ घालत होता. मला काही आठवत नाही.

खरी आशा शेवंतीवर आहे. काय तेज आलंय तिच्यावर! मागच्या जूनमध्ये इथे गवत मिळेना म्हणून ती महिनाभर सरगूरला चरायला होती. रुक्मिणीही तेव्हा माहेरीच होती, त्यामुळे देखरेख नीट झाली. तिथून आल्यापासून घोडी भरत चालली आहे. पाणी मानवलं, शिवाय माझा खुराक. हुरळीत मूठभर गूळ घालायची युक्ती वडिलांची.

शेवंतीत खोट एकच. डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. आमच्यात त्याला आसूढाळ म्हणतात. घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांत देवमण सगळ्यात शुभ आणि आसूढाळ सगळ्यात अशुभ. वडील सांगत, अशी घोडी ठेवावी, वापरावी, पण तिची वीण वाढवू नये, घरात रडं येतं. म्हणून चौदा वर्षांत मी तिला घोडा दाखवला नाही. तिच्यामागे ही ओळ संपणार. वाईट वाटतं, पण शास्त्रापुढे काय करणार!

परीक्षकाला भोवरा दिसला तर संपलंच. म्हणून वेंकोबांना सांगितलं आहे, म्होरकीला मखमलीची रुंद गालपट्टी शिवा, खाली गोंडा, म्हणजे भोवरा झाकला जाईल. हे बोलणं चाललं असताना रुक्मिणी शेजारी चटणी वाटत होती. तिने वरवंटा असा आपटला की वेंकोबा दचकले. तिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ आहे, राग आला की तो हलतो. आज हलत होता. कशाचा राग ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

वेंकोबांनी झुलीसाठी तिघांची मापं घेतली. शेवंतीच्या पोटाचं माप घेताना त्यांनी फीत दोनदा लावली, मग माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारात रुक्मिणी उभी होती. “स्वल्प सैलच शिवतो,” एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, सैल कशाला, घोडीचा आकार दिसायला हवा. ते फीत गुंडाळू लागले. शिंप्याला घोड्यातलं काय कळणार!

आणखी एक नवल. शेवंती पागेच्या भिंतीचा चुना चाटते. खोगिराचा तंगही दोन भोकं पुढे सरकवावा लागला. आणि रुमाल जवळ आला की कान पाडून दात दाखवते. एवढा मिजासखोरपणा तिच्यात नव्हता. जातिवंत घोडी तयारीला लागली की अशीच होते, असं मला वाटतं.

स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आजच्या तारखेला हळदीचं बोट टेकवलेलं दिसलं. रुक्मिणीचं काही व्रत असावं. विचारलं तर म्हणाली, सांगितलं की फळत नाही.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. गल्लीत एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इथला तिळगूळ, वाटून झालं. पहिला घास शेवंतीला दिला, असं रुक्मिणी म्हणाली. एरवी पहिला माझा असतो.

१७ जानेवारी, बुधवार

झुली आल्या. दिवाणाची जांभळी, रुमालाची पिवळी, शेवंतीची मोरपंखी. वेंकोबांनी शेवंतीची झूल घालून पाहिली तर पाच दिवसांपूर्वीच्या मापापेक्षा बोटभर कमीच! “तरी मी सैल शिवली होती, राव,” म्हणाले. मी त्यांची चांगलीच थट्टा केली. म्हटलं, अभंग म्हणताना माप घेत जाऊ नका. ते हसले आणि उसवायला घेऊन गेले.

रुक्मिणीचा हट्ट आहे की शेवंतीला टांग्याला जुंपायचं नाही, दौडवायचं नाही. मागच्या पायात लचक आहे म्हणते. मी चारही पाय तपासले, लचक कुठेच नाही. पण नवरात्रापासून तिने हा एकच धोशा लावला आहे, म्हणून नुसतं चालवतो.

संध्याकाळी पायरीवर बसून दोघांनी शेंगा फोडल्या. सहज आठवलं, आमचं लग्न ठरताना आईने केवढी खळखळ केली होती! मुलीच्या डोळ्याखाली अश्रूतीळ आहे, अशी सून घरात रडं आणते, असा तिचा धाक. मी दोन दिवस जेवलो नाही. ‘हीच हवी’ म्हणून हटून बसलो. बत्तीस वर्षं झाली. रडं कसलं, या घरात हसू आणलं ते हिनेच. आई शेवटी तिच्याच हातचं पाणी मागायची. म्हाताऱ्या माणसांच्या समजुती!

१९ जानेवारी, शुक्रवार

उद्या. नियमांचा छापील कागद मिळाला, सोळा कलमं. पंधरा नीट वाचली. जन्मभर नियम वाचलेला माणूस, सोळावं काय असणार ते न वाचताच कळतं.

पागेत जाऊन तिघांशी थोडं बोललो. हरलो तर ठाणं रिकामी होतील, हा विचार आज दिवसभर छातीवर बसून आहे. रिकाम्या पडवीकडे बघत मी उरलेलं आयुष्य काढू शकेन असं वाटत नाही.

२० जानेवारी, शनिवार

हातातून दोन गेले.

सकाळी वयस्कांचा वर्ग. अकरा घोडे. दिवाण असा उभा राहिला की लोक त्याच्याकडेच बघत होते. परीक्षक म्हणजे कोडगूकडचे निवृत्त कर्नल, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी दिवाणाचे दात बघितले, पाय उचलून बघितले, खूश दिसले. मग ते वहीत लिहायला वळले आणि दिवाणाने त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून डोळे मिटले. घोरला की नाही सांगता येत नाही, पण ओठ लोंबला. सगळं मैदान हसलं. तिसरा, पिवळी फीत.

दुपारी टांगा. रुमाल आरशासारखा चमकत होता, पितळ मी स्वतः चिंचेने घासलं होतं. दोन फेऱ्या अशा सुरेख मारल्या की माझे डोळे भरून आले. तिसऱ्या फेरीला कुंपणाबाहेर कॉफीची टपरी लागली. दहा वर्षं मी कचेरीला जाताना टपरीवर टांगा थांबवून कॉफी घ्यायचो. रुमालाने थेट कुंपणापाशी जाऊन टांगा उभा केला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं, उतरा म्हणून. किती ओढलं तरी हलेना. शेवटी टपरीवाल्याने खरंच एक पेला पुढे केला. दुसरा, निळी फीत.

नरसिंह प्रदर्शन बघायला आला आहे. हसून हसून त्याच्या पोटात दुखत होतं. मीही हसलो, पण घरी येईपर्यंतच. आता सगळं शेवंतीवर.

२१ जानेवारी, रविवार

काय लिहू आणि कसं लिहू? घडलं तसं लिहितो.

देशी घोड्यांचा वर्ग, नऊ माद्या. शेवंती मोरपंखी झुलीत, गालावर मखमली पट्टी, गोंडा झुलतोय. मी फेटा बांधला होता. वेंकोबा फितींचा डबा घेऊन कडेला, रुक्मिणी आणि नरसिंह दोरीपलीकडे.

कर्नलसाहेब आले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, झुली, पट्ट्या, गोंडे सगळं उतरवा, मला घोडी बघायची आहे, दुकान नाही. झूल उतरवली, मग पट्टी सोडली. भोवरा उघडा पडला.

ते समोर आले. शेवंतीच्या डाव्या डोळ्याखालून त्यांनी बोट फिरवलं, अगदी भोवऱ्यावरून, आणि तसेच पुढे गेले. थांबलेसुद्धा नाहीत! माझा जीव भांड्यात पडला. मान बघितली, पाठ बघितली, आणि कुशीपाशी येऊन थबकले. पोटाखाली तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मिशीतल्या मिशीत हसून मला विचारलं, “एष्टु तिंगळु?” किती महिने?

मी ताठ उभा राहून कन्नडमध्येच सांगितलं, महिने नाही साहेब, पूर्ण चौदा वर्षांची आहे.

त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या हाताच्या जागी शेवंतीच्या पोटावर ठेवला. मी काही विचारणार एवढ्यात माझ्या तळव्याला आतून कोणीतरी लाथ मारली.

पुन्हा मारली.

मी काय केलं मला आठवत नाही. नरसिंह सांगतो की मी फेटा काढून हातात घेतला आणि मैदानाच्या मधोमध मटकन खाली बसलो. कर्नलसाहेबांनी विचारलं, तुम्हाला ठाऊक नव्हतं? मी मान हलवली. ते म्हणाले, तुम्ही जुन्या घोडदळातल्या घराण्यातले, असं नावनोंदणीच्या कागदावर लिहिलंय. मी पुन्हा मान हलवली.

सोळावं कलम असं, की गाभण घोडीला या वर्गात नंबर देता येत नाही. शेवंती स्पर्धेबाहेर. पण कर्नलसाहेबांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की आजच्या दिवसातली सर्वात निरोगी घोडी हीच, आणि सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघं टाळ्यांतून बाहेर आलो. दोघं नाही, तिघं.

पहिला नंबर एकही नाही. करार हरलो. आणि माझी लाज तर अशी निघाली की सात पिढ्यांत निघाली नसेल. शिंप्याला फितीने कळलं, मला रोज खरारा करून कळलं नाही. पण खरं लिहायचं तर, ती लाथ आठवली की सगळं विसरायला होतं. तळवा अजून धुतलेला नाही.

२२ जानेवारी, सोमवार

सकाळी मी पहिला प्रश्न विचारला, हे झालं कसं? रुक्मिणी तांदूळ निवडत होती. “सरगूरला दावं तुटलं असेल,” म्हणाली. तिच्या भावाकडे, रणोजीरावांकडे, तो काळा घोडा आहे, ज्याची ते प्रत्येक पत्रात बढाई मारतात. म्हणजे हा सगळा मेहुण्यांचा निष्काळजीपणा! इतकी वर्षं मी जे पाळलं ते त्यांच्या एका सडक्या दाव्याने मोडलं. भेटले की चांगलं खडसावणार आहे.

नरसिंह निघताना म्हणाला, “अप्पा, वाईट वाटतंय, पण ठरलं ते ठरलं. मामांना रविवारी लॉरी घेऊन यायला सांगतो.” मी हो म्हटलं. शब्द दिला होता. रुक्मिणी तांदूळच निवडत राहिली, तेव्हा मात्र तिचा राग आला.

पागेत गेलो. आसूढाळ घोडीच्या पोटी काय येणार, घरात काय येणार, ही भीती आहेच. पण रविवारी ती जाणार या विचाराने जे होतं, त्यापुढे ही भीती लहान आहे.

२८ जानेवारी, रविवार

रणोजीराव लॉरी घेऊन आले. मी दारातच सुरुवात केली. दावं कसलं वापरता, जनावर सांभाळता येत नाही तर ठेवून कशाला घेता, सगळं बोललो. एवढा तोंडाळ माणूस, पण मान खाली घालून ऐकत राहिला. एकदा फक्त म्हणाला, “अहो दाजी, दावं कुठलं, अक्कानेच तर...” आणि रुक्मिणीने कॉफीचा पेला असा पुढे केला की त्यांना ठसकाच लागला. पुढचं राहून गेलं.

मग मी शेवंतीचं दावं सोडायला गेलो. तेवढ्यात रुक्मिणी पदर खोचून पागेच्या दारात आडवी उभी राहिली.

“कुठे नेताय तिला?”

“सरगूरला. ठरलंय तसं.”

“आठवा महिना लागलाय. वाटेत कपिला लागते. पोटुशीला नदी ओलांडू देतात का? तुमच्या शास्त्रात काय सांगितलंय?”

मी म्हटलं, देत नाहीत. शास्त्र आहेच तसं.

“मग?”

“पण नरसिंहाला शब्द...”

“नरसू!” तिने हाक मारली. तो मामांना मदत करायला कालच आला होता. “दोन जिवांचीला घराबाहेर काढून तिथे तू खोली बांधणार? आणि त्या खोलीत उद्या तुझी बायको बाळंतीण व्हायची? सांग.”

नरसिंह आईकडे बघत राहिला, मग शेवंतीकडे. “बेडा, आई,” म्हणाला. “मला नको तसली खोली.”

“दिवाण आणि रुमाल तरी घेऊन जातो,” रणोजीराव म्हणाले.

“आणि ती एकटी राहणार? एकट्या घोडीला चारा गोड लागतो का? अय्यो, तुला तरी कळायला हवं. आणि व्यायल्यावर शिंगरू सहा महिने आईजवळ पाहिजे. मग पुढच्या दसऱ्यानंतर बघू.”

लॉरी रिकामी परत गेली. नरसिंह पायऱ्या मोजायला माडीवर गेला आणि खाली येऊन म्हणाला की वर वारा चांगला येतो. मी पागेत जाऊन गवताच्या पेंढीवर बसलो आणि थोडा रडलो. सुखाने रडलो, लिहायला लाज कसली.

४ फेब्रुवारी, रविवार

आज आमच्या अंगणात घोडीचं डोहाळजेवण झालं! गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, मग ओट्या घेऊन आल्या. रुक्मिणीने शेवंतीला कुंकू लावलं, हिरवं कापड पाठीवर घातलं, पुढ्यात गाजर, गूळ, हुरळी आणि कोवळी चिंच ठेवली. तिने चिंच आधी खाल्ली.

वेंकोबांनी एक फीत आणली होती, हिरवी. म्हणाले, “राव, अशी फीत त्यांच्या यादीत नव्हती. उरलेल्या कापडातून मीच केली.” ती मी म्होरकीला टाचली. उजव्या बाजूला. मखमली गालपट्टीचं काय करायचं विचारलं, तर रुक्मिणीने तिची भांडं उतरवायची चिंधी केली आहे.

३० मार्च, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला वेळ कुठे आहे! दिवस आखूड झाले आहेत.

माडीवर भिंती छातीपर्यंत आल्या. शेवंती पिंपासारखी झाली आहे. रोज संध्याकाळी तिच्या पोटावर हात ठेवून बसतो, आतला किंवा आतली मला ओळखते असं वाटतं. भोवऱ्याची धाकधूक अधूनमधून होते. रुक्मिणीला बोललो तर ती उठून गेली.

१३ मे, रविवार

आज पहाटे फटफटताना शेवंती व्यायली. मादी. आईसारखीच तांबूस, कान मात्र काळे.

काल सकाळपासून रुक्मिणी पागेतून हलली नव्हती. कॉफी मी केली, भात मी लावला, तो करपला, तो तिने उभ्या-उभ्या खाल्ला. शिंगरू बाहेर आलं तेव्हा मी दाराला धरून उभा होतो आणि ती शेवंतीच्या मानेवर हात ठेवून कानात काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते ऐकू आलं नाही.

शिंगरू तीनदा पडलं आणि चौथ्यांदा उभं राहिलं. मी गुडघ्यांवर बसलो, गवताच्या बोळ्याने त्याचं तोंड पुसलं आणि सगळ्यात आधी डाव्या डोळ्याखाली पाहिलं.

भोवरा. तोच, तिथेच.

“आहे?” मागून रुक्मिणीने विचारलं.

“आहे.”

“मग? काय म्हणतं तुमचं शास्त्र?”

मी वळून बघितलं. ती गुळाच्या पाण्याचं घमेलं घेऊन उभी होती, केस सुटलेले, कपाळावर घाम. कौलांच्या फटीतून आलेला उजेड नेमका तिच्या तोंडावर पडला होता. तिच्या डाव्या डोळ्याखालचा तीळ हलत होता. राग आलेला नव्हता, तरी हलत होता. मी एकदा त्या तिळाकडे बघितलं, एकदा शिंगराकडे. बत्तीस वर्षं रोज बघतो आहे आणि आज पहिल्यांदा दिसला.

“आईही असंच काहीतरी म्हणाली होती एकदा,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही काय म्हणाला होतात?”

“हीच हवी म्हणालो होतो.”

“मग आता?”

“हीच हवी,” मी म्हटलं. तिने घमेलं खाली ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. धूर गेला म्हणाली. चूल पेटवलेलीच नव्हती.

ऊन वर आल्यावर ती आंघोळीला गेली. नरसिंहाला पत्र टाकायला तारीख बघावी म्हणून स्वयंपाकघरात दिनदर्शिकेपाशी गेलो. बारा एप्रिलवर हळदीचा ठिपका. पान उलटलं, बारा मार्च. मग बारा फेब्रुवारी, बारा जानेवारी. याच खिळ्यावर मागे गेल्या सालची दिनदर्शिका अजून लटकते आहे, तीही चाळली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, करत करत पहिला ठिपका बारा जूनवर निघाला. तेव्हा ती आणि शेवंती दोघी सरगूरला होत्या. त्याच्या मागे एकही नाही. सगळे मिळून अकरा.

बारा मे मात्र कोरा होता. काल दिवसभर पागेत होती, राहून गेलं असणार.

मी डब्यातली हळद ओली केली, बोट बुडवलं आणि त्या चौकोनावर टेकवलं. तिच्यापेक्षा माझं बोट जाड, त्यामुळे ठिपका थोडा तेरा तारखेवर गेला आहे.